हात वर, काका!

बुधवार रात्र, नेरुळ

पॅराग्लायडिंग शिकायला जायची बॅग भरून झाली आणि बायकोने विम्याची फाइल काढली. तीस वर्षांत मी बुलेटवरून दोनदा लडाखला जाऊन आलो, कोकणात किती वेळा उतरलो त्याची गणती नाही, पण ही फाइल कधी कपाटाबाहेर आली नव्हती. चष्मा लावून तिने बारीक अक्षरांचं एक पान वाचलं.

"अहो, यात साहसी खेळ धरत नाहीत म्हणे. तुमचं हे खेळात मोडतं का?"

"शिक्षणात मोडतं."

"फटफटीवरून पडलात तर खाली रस्ता असतो. तिकडे खाली काय असतं?"

यावर मी चार्जर शोधायला आतल्या खोलीत गेलो.

माझं वय ५४. तुर्भ्याच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. उडायचं खूळ डोक्यात शिरलं ते गच्चीवर. खाडीपलीकडचा नवा विमानतळ २०२५ च्या २५ डिसेंबरला प्रवासी विमानांसाठी सुरू झाला आणि आमचा संध्याकाळचा चहा लांबायला लागला. तिथे उलव्याची टेकडी होती, ती सुरुंग लावून उतरवली. उलवे नदीचा प्रवाह वळवला. एवढी टेकडी सपाट करून लोक उडू शकतात, तर आपण शाबूत टेकडीवरून उडायला काय हरकत आहे, असा विचार एका संध्याकाळी आला तो गेलाच नाही.

विमानाची चौकशी आधी केली होती. खासगी पायलटच्या लायसन्सला किमान ४० तासांचं उड्डाण, डॉक्टरी तपासणी, परीक्षा, आणि खर्च एवढा की आमच्या सोसायटीच्या लिफ्टचं रखडलेलं काम त्यात निघालं असतं. मग पॅराग्लायडिंग. कामशेत आपल्यापासून ८० किलोमीटरवर, तिथे गेली कित्येक वर्षं लोक हे शिकतात. प्राथमिक कोर्सची फी भरली. तेवढ्यात एक बरी सेकंडहँड मोटरसायकल आली असती हे बायकोला सांगितलेलं नाही, इथे वाचेल ती.

गेले काही आठवडे ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या ट्रॅकवर धावत होतो. उजवा गुडघा कुरकुरतो; तीस वर्षं किक मारण्याचा तो प्रसाद.

गुरुवार

पहाटे साडेपाचला निघालो. गाडी १९९४ ची, कास्ट आयर्न इंजिनाची. अँपिअरचा काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प्रेसर दाबून सोडायचा, मग एक पूर्ण किक. उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक. नवीन पोरांना ही गाडी चालवायला दिली की पहिल्या सिग्नलला ब्रेक समजून गिअर दाबतात, आणि मी मागे बसून हसतो. त्या हसण्याची परतफेड पुढच्या चार दिवसांत व्हायची होती.

एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, म्हणजे जुना हायवे. कळंबोली, पनवेल, शेडुंग, खोपोली. थंडी बोटांत शिरली होती. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबलो. इंग्रजांना घाटातली वाट या धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून गोळी खाल्ली, अशी कथा. ट्रकवाले अजून चालत्या गाडीतून नाणं टाकतात. मी उतरून ठेवलं. लोणावळ्यात न थांबता पुढे. कार्ल्याच्या फाट्यावर एकवीरा आईला हँडलवरूनच मान लववली. आमच्या नेरुळ गावातली अर्धी पोरं तिच्या पायथ्याशी वाढली म्हणायला हरकत नाही.

कामशेतला पोचलो तेव्हा पाचजण शेडमध्ये बसले होते, मी सहावा. त्यात सर्वांत मोठा मी, दुसऱ्या नंबरचा माझ्याहून १९ वर्षांनी लहान. शिकवणाऱ्या मॅडम सत्ताविशीच्या असतील. त्यांनी मला पाहिलं, बुलेट पाहिली, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"काका, बाइक किती वर्षं?"

"तीस."

"मग थोडं अवघड जाईल."

मला वाटलं, थट्टा करतायत.

सकाळी थिअरी. विंग म्हणजे कापडाच्या दोन थरांमध्ये शिवलेले कप्पे. पुढची तोंडं उघडी असतात, त्यातून हवा भरते आणि कापडाचा पंख होतो. ना कुठे काठी, ना सळई. विंगपासून बारीक दोऱ्या खाली येतात, त्या रायझर नावाच्या पट्ट्यांना जोडलेल्या, रायझर हार्नेसला, आणि हार्नेसमध्ये आपण. मागच्या कडेच्या दोऱ्या दोन हातांत येतात, त्यांना ब्रेक म्हणतात. उजवा ओढला की उजवीकडे, डावा ओढला की डावीकडे. दोन्ही थोडे ओढले की वेग कमी. दोन्ही फार ओढले की विंग उडायचीच थांबते.

हे शेवटचं मॅडमनी तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा माझ्याकडे बघून.

दुपारी शेडच्या तुळईला टांगलेल्या हार्नेसमध्ये एकेकाला बसवलं. मी बसलो आणि आपोआप दोन्ही पायांची बोटं गिअर आणि ब्रेक शोधायला लागली.

शुक्रवार

दिवसभर सपाट माळावर विंगशी झटापट. याला ग्राउंड हँडलिंग म्हणतात. पंधराएक किलोचा बोजा पाठीवर मारून माळावर जायचं, विंग मागे पसरायची, पुढच्या दोऱ्यांचे रायझर हातात घ्यायचे आणि वाऱ्यात घुसायचं. विंग मागून भसकन उठते, डोक्यावर येते, आणि तिथे तिला टिकवायचं. टिकत नाही. पहिल्या दहा खेपांत ती सात वेळा उजवीकडे लोळली, दोनदा मला मागे ओढत घेऊन गेली, आणि एकदा पुढे जाऊन माझ्याच डोक्यावर पडली. कापडाखालून बाहेर येताना शेजारच्या बांधावरची म्हैस माझ्याकडे बघत होती. तिने रवंथ थांबवला नाही, एवढाच काय तो मान राखला.

अकराव्या खेपेला एक गोष्ट ध्यानात आली आणि ती मला कोणी सांगितली नव्हती. विंग उजवीकडे पडायला लागली की मी डावीकडे झुकून तिला खेचत होतो, ताकदीने. मॅडम ओरडत होत्या, "तिच्याखाली जा, काका, तिच्याखाली!" पण बुलेटचं काय करतो आपण? ट्रॅफिकमध्ये हळू चाललेली गाडी उजवीकडे कलली, तर हँडल उजवीकडेच वळवतो. चाक पडणाऱ्या वजनाखाली नेतो, मग गाडी स्वतःच उभी राहते. पुढच्या खेपेला विंग उजवीकडे गेली तेव्हा मी उजवीकडे तिच्याखाली धावलो आणि डावा ब्रेक किंचित ओढला. विंग आली. डोक्यावर उभी राहिली. वीसेक सेकंद मी माळावर एका २६ चौरस मीटरच्या कापडाखाली उभा होतो आणि वजन म्हणून काही जाणवत नव्हतं, फक्त कमरेला एक ओढ. वर पाहिलं तर प्रत्येक कप्पा पोळीसारखा फुगलेला.

मॅडम म्हणाल्या, "हे कुठून आलं?" मी पार्किंगकडे बोट दाखवलं.

ही तेवढी एक जमेची बाजू. खर्चाची बाजू मोठी निघाली. पळायच्या सरावात आठ-दहा पावलांनंतर खांद्यावरचा भार हलका होतो, विंग उचलायला लागते, आणि मी लगेच हार्नेसमध्ये बसतो. बसलो की वजन अचानक विंगवर पडतं, ती तेवढं पेलायच्या वेगात आलेली नसते, आणि मी ढुंगणावर घसरत पुढे. दुचाकीवाल्याला सीट दिसली की बसायचं असतं. "बाइकवाले सगळे असंच करतात," मॅडम म्हणाल्या. "पाय जमीन सोडतात, तुम्ही सोडायची नाही. पावलं मोजा." मोजली. पंधरा.

संध्याकाळी पँटची मागची शिवण गेली होती. जिच्याकडे उतरलो होतो त्या मावशींनी सुई-दोरा दिला आणि न विचारता भाकरीबरोबर तुपाची वाटी ठेवली.

शनिवार

आज टेकडी. उंची साधारण ६० मीटर, चढायला वीस मिनिटं, बोजा पाठीवर. खाली भाताची कापून मोकळी झालेली खाचरं, त्यातलं बांध नसलेलं एक मोठं सपाट रान उतरायचं. तिथे काठीवर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, विंडसॉक. वाऱ्याचा वेग मोजायचं छोटं यंत्र मॅडमच्या हातात होतं. १२ दाखवत होतं, ताशी किलोमीटर. "छान आहे. काका, तुम्ही दुसरे."

पहिला गेला तो सांगलीचा इंजिनिअर. तीन ढांगांत हवेत, मिनिटभरात खाली, आणि खालून आलेली किंकाळी आनंदाची होती असं आम्ही धरून चाललो.

मग मी. हेल्मेटचा पट्टा बांधताना हात सरावाने चालले. हेल्मेट तेवढं ओळखीचं होतं. कानात वॉकीटॉकी. पायाचे पट्टे, छातीचा पट्टा, कॅराबिनर म्हणजे जोडणीच्या कड्या दोन्ही. मॅडमनी स्वतः ओढून पाहिले. समोर उतार, उतारावर वाळलेलं गवत, त्यापलीकडे काही नाही. म्हणजे दूरवर लोहगड आणि विसापूर होते, पण मधे काही नाही.

"वारा चेक. पळा!"

पळालो. खांद्यांवर ओढ आली, मागे विंगचा भसका ऐकू आला, मग ओढ डोक्यावर गेली. वर पाहा, सरळ आहे. हात वर. सात, आठ, नऊ. भार हलका झाला, बसावंसं वाटलं, बसलो नाही. बारा, तेरा. चौदाव्या पावलाला पायाखाली गवत होतं, पंधराव्याला नव्हतं. मी सोळावं, सतरावं, अठरावंही टाकलं. खालून काढलेल्या व्हिडिओत मी हवेत सायकल चालवताना दिसतो, अगदी मन लावून.

आणि मग आवाज गेला. हे मला कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. तीस वर्षं माझ्यासाठी वेग म्हणजे आवाज. इंजिन कसं वाजतंय त्यावरून मला कळतं मी किती वेगात आहे. इथे दोऱ्यांतून वाऱ्याची बारीक शीळ आणि बाकी काही नाही. हवेतून ही विंग ताशी ३६ किलोमीटरने पुढे जाते, समोरून १२ चा वारा, म्हणजे जमिनीवरून २४. बुलेट दुसऱ्या गिअरात लोळत चालवावी तसं. खाली एक बाई डोक्यावर मोळी घेऊन चालली होती आणि तिची सावली तिच्यापेक्षा लांब होती. एवढं पाहिलं तोवर कानात आवाज आला, "काका, रान समोर आहे, सरळ या... हात वर... आता फ्लेअर, फ्लेअर!" दोन्ही हात मांड्यांपर्यंत ओढले, विंग हवेत थबकली, आणि मी चार पावलं धावून उभा राहिलो.

विंग सेकंदाला मीटरभर खाली येते, म्हणजे सगळा हिशेब साठेक सेकंदांचा. मला विचाराल तर मला आठवत नाही.

दुसरं उड्डाण दुपारी उशिरा. आता मी शहाणा झालो होतो. उडालो नीट. डावीकडे वळायचं होतं; डावीकडे कललो, डावा ब्रेक ओढला, विंग सुंदर वळली. कलणं अगदी बाइकसारखं, त्यात मला काही शिकावं लागलं नाही. मग वारा थोडा पडला आणि लक्षात आलं की आपण सकाळपेक्षा लांब चाललोय, रान संपत आलंय, आणि समोर बांध आहे. बांधावर बोरीचं झुडूप.

मोटरसायकल शिकवताना मी प्रत्येकाला पहिलं वाक्य हेच सांगत आलोय की खड्ड्याकडे बघू नको, बघशील तर त्यातच जाशील. आणि मी त्या बोरीकडे टक लावून बघत होतो. तिची पानं मोजता आली असती. इथवर चूक डोळ्यांची. पुढची हाताची. घाबरलेला दुचाकीवाला काय करतो? उजव्या हाताची मूठ आवळतो. पुढचा ब्रेक तिथे असतो. माझी मूठ आवळली, कोपर खाली आलं, आणि मुठीत होती उजव्या ब्रेकची दोरी. विंग इमानदार, उजवीकडे सांगितलं, उजवीकडे वळली. बोर उजवीकडेच होती.

"हात वर! काका, हात वर! उजवा हात सोडा!"

त्या आवाजाने हात उघडला. विंग सरळ झाली. बांध पायाखालून गेला, बोर अर्धी पायाखालून आणि अर्धी पायातून. पलीकडच्या खाचरात गुडघ्यांवर उतरलो. धसकटं टोचली, बोराटीचे काटे पोटरीत, बाकी काही नाही. त्या दोरीला ब्रेक हे नाव ज्याने दिलं त्याने आम्हा लोकांचा घात केला आहे. बाइकचा ब्रेक घाबरून दाबला तर वाईटात वाईट चाक घसरतं. हा घाबरून ओढला तर खाली टेकायला काही राहत नाही. इथे घाबरल्यावर मूठ उघडायची आणि हात वर करायचे. सिनेमात चोर करतात तसे.

मॅडम धापा टाकत आल्या. चिडतील वाटलं. त्यांनी माझा उजवा हात हातात घेऊन उलटा केला, तळव्यावरचा घट्टा पाहिला. "हा जायला वेळ लागेल," म्हणाल्या.

रात्री मावशींच्या ओसरीवर चिमट्याने काटे काढत बसलो. अकरा.

रविवार

वारा २८ च्या झोतांनी. कोणी उडायचं नाही.

शेडमध्ये बसून सहा कप चहा झाला. या खेळात बसून राहणं हाच मोठा भाग आहे, असं जुने लोक सांगतात. मला ते जड जातं. गाडीवाल्याला पाऊस आला तर रेनकोट, दरड कोसळली तर दुसरा घाट. कुठूनतरी निघता येतं. इथे टाकीत पेट्रोल नाही, वाराच पेट्रोल, आणि तो आज जास्त ओतला होता.

वेळ जायला मी गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या महायुद्धात रॉयल एनफिल्डची १२५ सीसीची एक छोटी गाडी होती, फ्लाइंग फ्ली, म्हणजे उडती पिसू. नळ्यांच्या पिंजऱ्यात घालून ती पॅराशूटने सैनिकांसाठी खाली सोडत. तेव्हा एनफिल्ड माझ्या आधी उडाली आहे. तळेगावच्या मुलाला ग्लेन कर्टिस ठाऊक होता: जानेवारी १९०७ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आठ सिलिंडरच्या मोटरसायकलवर ताशी १३६ मैल, म्हणजे जवळजवळ २१९ किलोमीटर वेग गाठला, आणि पुढे विमानं बांधायला लागला. अमेरिकेच्या एरो क्लबचं पायलटचं लायसन्स नंबर १ त्याचं. पहिली पाच लायसन्सं आडनावांच्या वर्णानुक्रमाने दिली, म्हणून सी पहिला आला आणि राइट बंधू डब्ल्यूत जाऊन बसले. शाळेत हजेरीपटाने ज्यांना शेवटी बसवलं त्या सगळ्यांनी यावर दोन मिनिटं हळहळ व्यक्त केली.

दुपारी टेकडीवर घारी चढताना दिसल्या. पंख न हलवता, गोल गोल. मॅडम मान वर करून बराच वेळ बघत होत्या.

सोमवार, २६ जानेवारी

गावच्या शाळेत झेंडावंदन. आम्ही मागे उभे राहिलो. झेंडा उलगडला तेव्हा आम्ही सहाही जणांनी आधी तो कुठल्या दिशेला फडकतोय ते पाहिलं.

तीन उड्डाणं झाली. पहिलं साधं. दुसऱ्यात मूठ पुन्हा आवळली, पण या वेळी मला स्वतःला कळलं, आणि आवाज यायच्या आत उघडली. तिसऱ्यात टेकडीला आपटून वर येणारा वारा थोडा मिळाला आणि खाली यायच्या ऐवजी मी आहे तिथेच, टेकडीच्या उंचीवर, काही क्षण राहिलो. फक्त राहिलो. लोणावळ्याकडे हायवेवर गाड्यांची रांग लागलेली दिसत होती, सुट्टी संपवून निघालेले सगळे. तासाभरात मी त्यात असणार होतो. एकूण दोन मिनिटं दहा सेकंद, हे मॅडमनी घड्याळ लावून सांगितलं. उतरलो उभा, दोन पावलांत.

निघताना त्यांनी सर्टिफिकेट दिलं आणि बुलेट चालवायला मागितली. पहिल्याच वळणावर ब्रेक समजून गिअर दाबला.

मी मागे बसलो होतो. हसलो नाही.

परतीला खंडाळ्यात दीड तास गेला. दुचाकी बाजूबाजूने निघते, तरी दीड तास. घाट उतरताना पुढच्या कारने अचानक ब्रेक मारला आणि माझा उजवा हात क्षणभर घुटमळला, आवळू की उघडू. आवळला. बरं झालं. पण तो क्षण होता, आणि त्याचा मला घामही आला. पुढे पनवेलपर्यंत ४० च्या वर गेलो नाही.

घरी पोचेतो दहा. बायकोने पोटरी पाहिली आणि हळद आणली. फाइल अजून टेबलावर होती.

मंगळवार सकाळ

रजा एक दिवस उरली होती. दोघं पहाटे नेरुळच्याच डीपीएस तलावावर गेलो. ओहोटी लागायच्या बेताला फ्लेमिंगो इथून उठून खाडीच्या चिखलावर जातात. थोडेच होते, पन्नासेक.

वारा जमिनीकडून, इमारतींच्या बाजूने येत होता. खाडी पाठीमागे असूनही ते आधी इमारतींकडे तोंड करून उभे राहिले. मग एकाने पळायला सुरुवात केली, पाण्यावर पावलं आपटत, मान लांब करून, पंख उघडे. अजून उचलला गेला नव्हता तरी पाय चालूच.

"काय पुटपुटताय?" बायकोने विचारलं.

"थांब. अकरा, बारा..."

तो उठला, तरी हवेत आणखी दोन पावलं टाकली.

"तुमच्यासारखाच वेडा आहे," ती म्हणाली, आणि पुढच्याची पावलं स्वतः मोजायला लागली.